चौघांची बग्गी

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक गाडी उभी असते. गावात सगळे तिला पिंजरा म्हणतात. चार चाकं, लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर छत नाही, बाजूला दारं नाहीत. मी तिला बग्गी म्हणतो, कारण मोबाइलवरच्या ज्या व्हिडिओत अशी गाडी मी पहिल्यांदा पाहिली त्यात तिला तेच म्हणत होते. त्या व्हिडिओत ती वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत चालली होती. आमच्याकडे वाळूच्या टेकड्या नाहीत. गावापासून अडीच किलोमीटरवर आमचं शेत आहे, शेताच्या पलीकडे गायरान आणि गायरानाच्या खाली पाझर तलाव. उन्हाळ्यात तलावाचं पाणी मधल्या खड्ड्यापुरतं उरतं आणि बाकीचा तळ उघडा पडतो. सपाट, भुरकट, पायाखाली पिठासारखा. मला तेवढं पुरेसं वाटलं.

माझा धंदा पाण्याच्या मोटारी भरायचा. आमच्या भागात, डोंगरकडा गावाच्या आसपास, केळी आणि हळद आहे, म्हणून विहिरी आणि बोअर आहेत, म्हणून जळालेल्या मोटारीही आहेत. शेतकरी जळालेली मोटार आणून टाकतो, मी आतली काळी पडलेली तार काढून नवी तार भरून देतो. वेल्डिंगही येतं. पेट्रोलच्या इंजिनातलं मात्र मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, आजही बेताचंच कळतं.

गाडी घरच्यांसाठी बनवली असं मी आता पाहुण्यांना सांगतो. ते खरं नाही. मी ती माझ्यासाठी बनवली. चाळिशी उलटली होती, दिवसभर स्टुलावर बसून तार गुंडाळायची, आणि तो व्हिडिओ मी दुकानात रोज जेवणानंतर पाहत होतो. त्यापलीकडे काही कारण नव्हतं.

वसमतला एक मिस्त्री आहेत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील आणि आजोबाही मिस्त्रीच होते, आधी तेलाच्या घाण्यांची इंजिनं, मग ट्रॅक्टर, आणि यांच्या हातात रिक्षा आल्या. मी त्यांच्याकडे भंगारातले पार्ट घ्यायला जात असे, त्यातून ओळख वाढली. त्यांच्या गॅरेजच्या मागे पुढून चेपलेली एक पेट्रोलची रिक्षा बरेच दिवस पडून होती. ती मागितली तेव्हा त्यांनी कशाला पाहिजे म्हणून विचारलं. मी मोबाइल काढून व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पूर्ण पाहिला, मग मोबाइल परत देत म्हणाले की मागचं सगळं बराबर आहे, इंजिन, गिअर, चाकं एकाच जागी बसतात, रिव्हर्स गिअरही आहे. पुढचं मात्र रिक्षाचं चालणार नाही, कारण पुढे एकच चाक येतं. पुढच्या भागासाठी त्यांनीच एका जुन्या छोट्या कारचं स्टेरिंग आणि चाकं काढून दिली. अट एकच घातली.

"डांबरी रस्त्यावर न्यायची न्हाई. पासिंग न्हाई, कागद न्हाई. शेतात फिरवा, कुठंबी फिरवा. पन रस्त्यावर दिसली तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

मी शब्द दिला. तो पाळणं कठीण नव्हतं, कारण आमची गल्ली संपते तिथूनच शेताकडे जाणारी पांदण सुरू होते.

दोन हिवाळे लागले. उन्हाळ्यात मोटारी जळतात, तेव्हा डोकं वर काढायला वेळ नसतो, आणि पावसाळ्यात पांदणीत चिखल असतो. दुसरा हिवाळा संपता संपता गाडी उभी राहिली. दोन सीटा, मागे इंजिन. मी एकटाच ती घेऊन तलावापर्यंत गेलो, कडेनं उघड्या पडलेल्या तळावर चार-पाच गोल फेऱ्या मारल्या आणि परत आलो. चेहरा, केस, भुवया सगळं धुळीनं पांढरं झालं होतं. मला वाटतं मी हसत होतो.

बायको अंगणात भांडी घासत होती. तिनं हात धुतले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आपण कुठं बसायचं म्हणून विचारलं. मी शेजारची सीट दाखवली.

"आन माय? आन पोरगी?"

सीटांच्या मागे लगेच इंजिन होतं. ती म्हणाली, "मंग ही तुमच्या एकट्याची गाडी हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या मोटारीचा हॉर्सपॉवर वाचून दाखवावा तसं तिनं ते सांगितलं आणि पुन्हा भांड्यांपाशी जाऊन बसली.

मायचे दोन्ही गुडघे वाकत नाहीत. मोटारसायकलवर तिला बसता येत नाही. पूर्वी बैलगाडी होती तोवर ती शेतात जात असे. बैल विकल्यावर तिचं जाणं थांबलं. त्या वेळी तिनं तीन वर्षं शेत पाहिलं नव्हतं, आणि हे मला बायकोच्या त्या प्रश्नानंतर मोजल्यावर कळलं. मायनं स्वतः कधी विषय काढला नव्हता. केळी कशी आहेत म्हणून ती विचारायची, मी चांगली आहेत म्हणायचो, आणि बोलणं तिथंच संपायचं.

मग मी गाडी मधोमध कापली. सांगाड्याच्या पाइपांत आतून दुसरे जाड पाइप घालून दीड फूट लांबी वाढवली आणि वरून वेल्डिंग केलं. त्या वाढलेल्या जागेत रिक्षाचीच मागची सीट बसवली. पेट्रोलची टाकी रिक्षात असते तशीच सीटच्या पाठीमागे, इंजिनाच्या वर राहिली. मायला चढता यावं म्हणून डाव्या बाजूला खाली एक पायरी केली आणि धरायला दांडी लावली. बायकोनं सगळ्यांना पट्टे पाहिजेत म्हणून सांगितलं, तेव्हा वसमतहून जुन्या गाड्यांचे पट्टे आणले. मुलगी नववीत होती. डोक्यावरून पाइपाची कमान घाला, गाडी उलटली तर, असं तिनं सुचवलं. तिनंही तसलेच व्हिडिओ पाहिले होते. कमान घातल्यावर गावानं गाडीला पिंजरा नाव दिलं.

चौघं बसून पहिल्यांदा निघालो तेव्हा जरा वेग घेतला की पुढची चाकं थरथरायला लागायची आणि स्टेरिंग हातात धरवत नसे. मी परत येऊन सगळे नट आवळले. काही फरक पडला नाही. मिस्त्रींना फोन केला. त्यांनी सांगितलं की सुतळी घ्या आणि दोन्ही पुढच्या चाकांमधलं अंतर पुढच्या बाजूनं मोजा, मग मागच्या बाजूनं मोजा. मोजलं तर पुढून अंतर बोटभर जास्त निघालं, म्हणजे चाकं बाहेर तोंड करून चालली होती. स्टेरिंगचा रॉड फिरवून ती किंचित आत वळवली. तेवढ्यानं थरथर गेली. मागे माणसं बसली की पुढचा भाग हलका होऊन स्टेरिंग वाऱ्यावर गेल्यासारखं वाटायचं, म्हणून बॅटरी काढून अगदी पुढे नाकाशी बसवली. त्या दिवसांत मला वाटायला लागलं होतं की मला हे जमतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही शेतापर्यंत पोहोचलो. माय पायरीवरून उतरली, नातीचा हात धरून बांधावर गेली आणि एकेक ओळ बघत राहिली. मग म्हणाली की शेवटच्या दोन ओळींना पाणी जाऊन राहिलं नाही. मी बघितलं. ठिबकच्या नळ्या तुंबल्या होत्या. मी आठवड्यातून तीनदा शेतात जात होतो, पण त्या टोकाला गेलोच नव्हतो.

खरी तकलीफ तिसऱ्या खेपेपासून सुरू झाली. गावापासून दोनेक किलोमीटर गेलं की इंजिन आचके द्यायला लागायचं आणि बंद पडायचं. जागा जवळपास ठरलेली, शेजाऱ्यांच्या विहिरीजवळची बाभूळ. सगळे उतरायचे. मी पिशवीतून पाने-पक्कड काढून मागे जायचो, प्लग काढून पुसायचो, वायरी हलवायचो. पंधरा-वीस मिनिटांनी किक मारली की गाडी सुरू व्हायची. मग पुढे जाण्याची हिंमत नसायची, म्हणून मी ती घराकडे वळवायचो, आणि घर जवळ येईपर्यंत इंजिन पुन्हा खोकायला लागायचं.

थंड झाल्यावर सुरू होते म्हणजे काहीतरी गरम होतंय, असं मी धरून चाललो. माझा धंदाच गरम होऊन जळणाऱ्या तारांचा. स्पार्कची कॉईल तापून सुटत असणार. ती बदलली. गाडी बाभळीपाशी बंद पडली. कार्बोरेटर काढून साफ केला, पुन्हा काढला, पुन्हा साफ केला. इंजिनाला हवा लागावी म्हणून मागचा पत्रा कापून जाळी लावली. पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर बांधली. दर रविवारी मी एक नवा इलाज करायचो, सगळ्यांना बसवायचो आणि बाभळीपाशी उतरवायचो. एका रविवारी बायको पायीच घरी निघाली आणि त्यानंतर दोन रविवार आली नाही. माय मात्र दर वेळी यायची. बाभळीखाली दगडावर बसून माझ्याकडे बघत राहायची.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे मी एकटा गेलो तर गाडी बंद पडत नसे. एकटा तलावापर्यंत जाऊन आलो, दोनदा गेलो, तळावर फेऱ्या मारल्या, काही झालं नाही. मग वजनाचा प्रश्न असेल म्हणून खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, घरच्यांच्या वजनाच्या अंदाजानं तीन गोण्या सीटांवर ठेवल्या, पट्टेही लावले. गोण्या घेऊन गाडी तलावापर्यंत गेली आणि परत आली. पांदणीत भेटलेल्या एका शेतकऱ्यानं गोण्यांना पट्टे काहून लावले म्हणून विचारलं. मी काहीतरी सांगितलं.

शेवटी मिस्त्री स्वतः आले. रविवारी सकाळी, मोटारसायकलवर. आधी माझ्या शेजारी बसून तलावापर्यंत गेले. येताना स्वतः चालवली. गाडीनं एकदाही आचका दिला नाही. घरी येऊन चहा घेतला आणि मी आतापर्यंत काय काय बदललं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले की घरच्या सगळ्यांना बोलवा.

बायको नाखुशीनं आली. मुलगी आली. माय दारातून हळूहळू आली.

मिस्त्री म्हणाले, "निघताना जसं करता तसंच करा. एकेक जन. गाडी चालू करायची न्हाई. मी नुसतं बघतो."

मी पुढच्या चाकांना लाथ मारून पाहिली, ब्रेक दाबला, बसलो, पट्टा लावला. बायको माझ्या शेजारी बसली. मुलगी उजव्या बाजूनं मागे चढली. आता मायची पाळी होती. ती पायरीपाशी आली, दांडी धरली आणि तशीच उभी राहिली. मी मागे वळून बस म्हणालो. मुलगी आजीकडे बघत होती आणि आजी खाली बघत होती.

मग मायनं कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून घडी केलेली एक प्लास्टिकची पन्नी आणि केसांना लावायचं एक रबर काढलं आणि मिस्त्रींच्या हातात दिलं.

"मी हे टाकीच्या झाकनाला बांधते," ती म्हणाली. "पेट्रोलच्या वासानं मला मळमळतं."

"कवापासून, मावशी?"

"तिसऱ्या खेपेपासून. बंद पडली की हा मागं यायच्या आधी सोडून घेते."

पेट्रोल टाकीतून खाली उतरतं तसतशी वरून हवा आत जावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. ते बुजवलं की थोड्या वेळानं पेट्रोल उतरायचं थांबतं. पन्नी सोडली की हवा जाते आणि पुन्हा उतरायला लागतं. हे मिस्त्रींनी समजावून सांगायची गरज नव्हती, हातात पन्नी बघताच मला सगळं कळलं होतं. रबर माझ्या मुलीचं होतं. तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की आजीनं कोणाला सांगू नको म्हटलं होतं, आणि झाकणाला पिशवी बांधल्यानं इंजिन बंद पडतं हे तिला कुठून कळणार. ते खरंच होतं. मलाही ते सुचलं नव्हतं.

मी मायला विचारलं, "मंग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू म्हनला असतास, मंग नको येऊ."

मी तसं म्हणालो असतो का, याचा मी नंतर बराच विचार केला. म्हणालो असतो. चिडून नव्हे, तिची काळजी वाटून म्हणालो असतो, आणि ती घरी राहिली असती.

मिस्त्री हसले नाहीत. मी हसायला लागलो होतो, पण त्यांच्याकडे बघून थांबलो. ते टाकीपाशी वाकून वास घेत होते. म्हणाले, "छिद्रातून इतका वास येत नसतो." मग त्यांनी टाकीच्या खालच्या बाजूनं, पत्र्याचा जोड असतो तिथं, बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट ओलं होतं. त्यांनी खाली टॉर्चचा उजेड पाडला. जोडाच्या बाजूनं धूळ चिकटून काळपट पट्टा तयार झाला होता. तो पट्टा मी अनेकदा पाहिला होता आणि ऑइल असेल म्हणून सोडून दिला होता. पट्ट्याच्या खाली वीतभर अंतरावर सायलेन्सर होता.

मी वेल्डिंग करतो. पेट्रोलच्या टाकीपाशी ठिणगी गेली तर काय होतं, ते मी काम शिकत होतो त्या दिवसांत एका वर्कशॉपात पाहिलं आहे. त्या माणसाचे हात मला अजून आठवतात. गाडी कापून जोडताना मी टाकी काढून बाजूला ठेवली होती आणि परत बसवताना ती नीट बसेना म्हणून हातोडीनं ठोकली होती. जोड तेव्हाच उकलला असणार. म्हणजे वाढीव सीट बसवली त्या दिवसापासून मी मायला आणि मुलीला गळक्या टाकीला पाठ लावून बसवत होतो, आणि त्यातला निम्मा वेळ कार्बोरेटर उघडून बघत होतो. मायच्या नाकाला जे तिसऱ्या खेपेला कळलं ते मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं.

बायकोनं पट्टा सोडला, मागे जाऊन मुलीचा पट्टा सोडला आणि दोघी उतरल्या. बायको मिस्त्रींना जेवून जा म्हणाली. जेवताना तिनं त्यांनाच विचारलं की ही गाडी पुन्हा नीट होईल का. ते होईल म्हणाले. ती म्हणाली, "मंग भाऊ, आधी तुमच्या घरच्यांना हिच्यात बसवा. मंग आमी बसू."

मला ते लागलं. पाहुण्या माणसाला असं बोलतात का, असंही वाटलं. मिस्त्रींनी मात्र घास खाली ठेवला, थोडा विचार केला आणि व्हय म्हणाले.

मधे पावसाळा गेला. त्या हिवाळ्यात आम्ही मागचा सगळा भाग पुन्हा उघडला. जुनी टाकी फेकून दिली. नवी लहान टाकी इंजिनाच्याही मागे, उंच दोन पायांवर, सायलेन्सरपासून दूर बसवली. सायलेन्सरचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं. सीट आणि इंजिनाच्या मध्ये जाड पत्र्याची आडभिंत घातली आणि तिच्या कडेनं रबराची पट्टी लावली. झाकणाच्या छिद्राला नळी जोडून ती थेट मागे खाली सोडली, म्हणजे वास माणसांकडे येणार नाही आणि पन्नी बांधायची कोणाला गरज पडणार नाही. मायच्या बाजूला, हात पोहोचेल तिथं, इंजिन बंद करायचं एक लाल बटण बसवलं. ते बायकोनं सांगितलं होतं. मिस्त्री तीन रविवार आले. काम करताना ते मला प्रत्येक गोष्ट करून दाखवायचे आणि मग सोडून मला करायला लावायचे.

काम संपल्यावर पुढच्या रविवारी ते त्यांच्या बायकोला आणि सुनेला घेऊन आले. मला वाटलं होतं ते बोलले तेवढंच, येणार नाहीत. त्यांची बायको मायपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल. तिनं बग्गीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि मायच्या जागेवर चढून बसली. मिस्त्री पुढे, सून मागे सासूच्या शेजारी. मी दारात उभा राहिलो. गाडी पांदणीत वळून दिसेनाशी झाली. आवाज बराच वेळ ऐकू येत होता, मग तोही थांबला. माझ्या बायकोनं माझ्याकडे बघितलं. शेतात थांबले असतील, मी म्हणालो. पाऊण तासानं ते परत आले. सुनेच्या मांडीवर आमच्याच बागेतली केळीची फणी होती, शेजारच्या शेतकऱ्यानं आमचे पाहुणे म्हणून त्यांना तोडून दिली होती.

मिस्त्रींच्या बायकोनं उतरल्यावर पहिलं काय सांगितलं तर उजवीकडे बसणाऱ्याला धरायला काही नाही, सून पूर्ण वेळ तिचाच दंड धरून बसली होती. मग ती मायजवळ जाऊन बसली आणि दोघी गुडघ्यांबद्दल बोलू लागल्या. मी तिथंच उजव्या बाजूला दांडी वेल्ड करून दिली. बायकोनं दुपारी सगळ्यांना जेवायला वाढलं आणि संध्याकाळी आम्ही चौघं तलावापर्यंत जाऊन आलो. बाभूळ कधी मागे गेली ते माझ्या लक्षातही आलं नाही. माय म्हणाली की वास येत नाही. तिनं ते दोनदा सांगितलं, मी एकदाही विचारलं नव्हतं तरी.

यंदाच्या उन्हाळ्यात बायको गाडी चालवायला शिकली. तलावाचा तळ त्यासाठी चांगला आहे, आदळायला काही नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली की मी शेजारी बसलो तर तिला नीट चालवता येत नाही, कारण माझा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. मुलगी म्हणाली की पप्पा, तुम्ही मागं बसा, मी पुढं बसते. म्हणून मी मागे मायच्या शेजारी जाऊन बसलो. इतक्या दिवसांत मी त्या सीटवर गाडी चालू असताना बसलो नव्हतो. गाडी मी बनवली होती, पण मला फक्त पुढची जागा माहीत होती.

मागे बसल्यावर पुढचं काही दिसत नाही. समोर दोन डोकी आणि सीटांच्या पाठी. खड्डा आला की तो पुढच्या माणसाला दिसतो, तो अंग सावरून घेतो, मागच्याला तो बसल्यावरच कळतो. पुढच्या चाकांची सगळी धूळ उडून मागच्याच्या तोंडावर येते. वळणावर अंग बाजूला फेकलं जातं. माय पदर नाकावर घेऊन, एका हातानं दांडी धरून निवांत बसली होती. मी तिला विचारलं की दर वेळी असंच असतं का.

"मंग कसं असतं?" ती म्हणाली.

मी तिला काही दिसतं का विचारलं. ती म्हणाली की बाजूनं दिसतं. शेत आलं की बाजूनं दिसतं, तलाव आला की बाजूनं दिसतो. पुढचं बघून काय करायचं, चालवणारे तुम्ही आहात. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. आपल्या जागेचा तिला चांगला अभ्यास झाला होता, तो ती मला सांगत होती.

बायकोनं तळावर एक मोठी फेरी मारली. पाण्याच्या खड्ड्याच्या कडेनं बगळे उडाले. गिअर बदलताना गाडीनं एक आचका दिला, पण बंद पडली नाही. मुलगी पुढून काहीतरी ओरडून सांगत होती, मागे इंजिनाच्या आवाजात मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मायलाही आलं नसणार, तरी ती मान हलवत होती.

घरी आल्यावर मी मागची सीट चार बोटं वर घ्यायला काढली, म्हणजे पुढच्या डोक्यांवरून बघता येईल, आणि पुढच्या चाकांवर पत्र्याचे मोठे मडगार्ड कापले. सीट वर घेऊन बोल्ट आवळले आणि मायला बसून बघायला बोलावलं. ती दांडी धरून चढली, बसली, इकडंतिकडं पाहिलं. म्हणाली की आता दिसतं चांगलं, पण पाय खाली टेकत नाहीत, लोंबकळतात, गुडघे दुखतील. मी मोजलं. चार बोटांचाच फरक होता. शेडमध्ये दीड इंची पाइपाचा एक तुकडा उरला होता. तो कापून पाय ठेवायला आडवी दांडी करायची म्हणून खुणा केल्या आणि तिला तसंच बसून राहायला सांगितलं, म्हणजे तिच्या पायांचंच माप घेता येईल.